सरपणाचा हिशेब

नागपूर म्हटले की उन्हाळाच आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा थंडीत शेकोटीला आणि पाण्याच्या बंबाला सरपण लागते. कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रे याच जिल्ह्यातली. तरी विजेवर पाणी तापवणे अनेक घरांना परवडत नाही. बिल वाढले की लाकडाचा टाल आठवावा, हे ओघानेच आले.

शहरात सरपणाला पैसे पडतात. खेड्यात त्यापायी बाईचा दिवस जातो, चुलीच्या धुराने छाती जाते. ताडोबाच्या परिसरात तर सरपणाला गेलेल्या बायका वाघाच्या हल्ल्यात दगावल्या आहेत.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गरीब घरांत गॅसजोडण्या पोचल्या. पण जोडणी एकदाच मिळते. सिलिंडर मात्र पुन्हा पुन्हा भरावा लागतो. म्हणूनच मे २०२२ मध्ये या घरांसाठी सिलिंडरमागे २०० रुपयांचे अनुदान जाहीर झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० रुपये झाले. चूल परंपरेच्या प्रेमाने नव्हे, पैशाच्या चणचणीने पेटते, याची ही सरकारी कबुलीच नव्हे काय?

ढाब्यावर ‘चुलीवरचे मटण’ ही पाटी पाहून आपण हरखतो, कारण फुंकणी आपल्या हाती नसते. आम्हांस वाटते, योजनेचे यश वाटलेल्या जोडण्यांवर मोजू नये. दुसरा, तिसरा, चौथा सिलिंडर किती घरांनी घेतला, ते विचारावे. आणि त्याची किंमत रुपयांत न सांगता मजुरीच्या दिवसांत सांगावी.