अंदाजपत्रकाची नाडी

आरोग्याच्या सदरात नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटत असे. माझे मत बदलले ते एका आईमुळे.

पावसाळा संपत आला होता. आपल्या जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या गावातून ती सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी उतरला म्हणून घरचे निर्धास्त झाले. पण पोर पोट धरून रडत होते, उलट्या थांबत नव्हत्या आणि हातपाय गार पडले होते. डेंग्यूमध्ये ताप उतरतो तीच वेळ कधी कधी घाताची असते. मुलाला ताबडतोब दाखल केले. सुदैवाने तो वाचला.

नंतर ती तपासणीला आली तेव्हा मी नेहमीचा उपदेश सुरू केला. घरात पाणी साठवू नका, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा, घासून कोरडी करा. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "डाक्टरसाहेब, नळ येते दहा दिवसानं. डरम खाली केला तर पोराले पाजू काय जी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणजे नळाची पाळी दहा दिवसांची असेल तर डासाच्या एका पिढीची सोय आपणच करून देतो. दोष त्या आईचा नव्हता. तिचा ड्रम ज्या हिशेबामुळे भरलेला राहत होता, तो हिशेब दुसरीकडेच मांडला जात होता.

त्या हिशेबाचे नाव अंदाजपत्रक. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कामांचे दोन भाग केले आहेत. पाणी, गटारे, रस्त्यांची सफाई, साथीच्या रोगांना आळा ही आवश्यक कर्तव्ये. बागा, वाचनालये यांसारखी कामे ऐच्छिक. 74 व्या घटनादुरुस्तीने (ती 1 जून 1993 पासून लागू झाली) जी बारावी अनुसूची जोडली, तिच्या 18 विषयांतही पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी दहा लाखांखालील शहरांना दिलेल्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधून दिली होती. तेव्हा कायदा नाही किंवा पैसाच नाही, ही सबब पूर्ण खरी नाही.

मग अडते कुठे? मी त्या गावच्या अंदाजपत्रकाची प्रत मिळवून पाहिली. त्यात तीन रकाने असतात: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाची तरतूद. वर्तमानपत्रात बातमी येते ती शेवटच्या रकान्याची. रोग्याची खरी नाडी मात्र पहिल्या रकान्यात लागते. अळीनाशकासाठी ठेवलेल्या रकमेपैकी निम्मीही खर्च झाली नव्हती. याउलट रस्त्याच्या कामांवर जवळपास सगळी झाली होती. कोणी पैसा खाल्ला असे माझे म्हणणे नाही. रस्त्याचे भूमिपूजन होते, फलक लागतो, छायाचित्र निघते. ड्रममध्ये टाकलेल्या अळीनाशकाचे उद्घाटन कोण करणार?

धूरफवारणीचेही तसेच. गल्लीत धूर झाला की लोकांना बरे वाटते, सदस्यांना काम दाखविता येते. पण धुराने उडणारे डास काही प्रमाणात मरतात. पाण्यातल्या अळ्यांना त्याचा उपद्रव होत नाही आणि चार-आठ दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. घरोघर जाऊन ड्रम तपासणारा माणूस, अळीनाशक, टाक्यांना झाकणे, गप्पी मासे यांवरचा खर्च थोडा आणि गुण जास्त. पण तो दिसत नाही. शिवाय त्याला वेळेचे बंधन आहे. नालेसफाईची निविदा जूनच्या पावसात उघडली तर तिचा उपयोग कंत्राटदारालाच.

पाण्याचे दुखणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले आणि यवतमाळ शहराने टँकरची वाट पाहत दिवस काढले. बेंबळा धरणाचे पाणी आणण्याची योजना त्यातूनच किती निकडीची आहे ते कळले. यवतमाळात पाणी जीवन प्राधिकरण देते, म्हणून नगरपरिषदेला हात झटकता येतात. पण जिथे नळ उशिरा येतो तिथे डासांवर जास्त खर्च करावा लागेल, हा हिशेब नगरपरिषदेनेच मांडायला हवा. पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड, दारव्हा कुठेही हा नियम तोच.

हे होऊ शकते का? सुरतचे उदाहरण आहे. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक ते शहर सोडून पळाले. 1995 मध्ये आयुक्त एस. आर. राव आले. त्यांनी शहराचे सहा विभाग करून अधिकार खाली वाटले आणि अधिकाऱ्यांना रोज सकाळी गल्लीत उतरविले. दोन वर्षांच्या आत सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. शहर तेच, पालिका तीच. बदलला तो कामाचा आणि खर्चाचा क्रम.

आपल्याकडे 2022 पासून बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. तेव्हा विचारायचे कोणाला, हा प्रश्न होता. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या आणि आता प्रत्येक प्रभागाला आपला सदस्य आहे. त्याला तीन प्रश्न विचारा. मागील वर्षी डासनियंत्रणावर ठेवले किती आणि खर्च किती झाले? नालेसफाईची निविदा मेपूर्वी निघणार का? घरोघर पाहणीसाठी माणसे किती आणि वर्षातून किती महिने? उत्तर मिळाले नाही तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच. मात्र विचारणाऱ्याने आपला मालमत्ताकरही वेळेवर भरलेला असावा. रिकाम्या तिजोरीला प्रश्न विचारून उपयोग नाही.

तोवर घरच्यासाठी एवढे करा. ड्रमवर जुन्या धोतराचे दुहेरी फडके घट्ट बांधा. नळ येईल त्या दिवशी नवे पाणी भरण्याआधी ड्रम आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी असतानाही टिकतात. ताप आल्यास ॲस्पिरिन देऊ नका. ताप उतरल्यावर पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा गुंगी दिसली तर एक तासही घालवू नका.

त्या आईला मी हेच सांगितले. तिच्या प्रश्नाचे हे अर्धेच उत्तर आहे, हे तिला आणि मला दोघांनाही ठाऊक होते. उरलेले अर्धे उत्तर दरवर्षी फेब्रुवारीअखेरच्या अंदाजपत्रकाच्या सभेत लिहिले जाते. ते लिहिताना आपण तिथे असले पाहिजे.