बायपासनंतरची 'ताकदीची' कॅप्सूल

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बायपास बसते, म्हणून पेठ-सुरगाण्याच्या शेतमजुरालाही नाशिकमध्ये ही शस्त्रक्रिया परवडू शकते. डिस्चार्जनंतरची दहा दिवसांची औषधेही योजनेतूनच मिळतात. अकराव्या दिवसापासून मात्र मेडिकलचे बिल घरच्यांनी भरायचे, तेही जन्मभर. त्या बिलात ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या गोळीशेजारी अनेकदा एक 'ताकदीची' कॅप्सूल असते. तिच्यात व्हिटॅमिन ई, सेलेनियम, को-एन्झाइम क्यू-१०, द्राक्षबियांचा अर्क असे काही ना काही अँटिऑक्सिडंट भरलेले असते. तपासणीत कमतरता दिसलेली नसेल, तर ही कॅप्सूल चिठ्ठीतून काढून टाकावी, असे माझे ठाम मत आहे.

या कॅप्सूलमागचा विचार खुळा नाही. शस्त्रक्रियेत हृदयाचा रक्तपुरवठा काही काळ थांबवतात. तो पुन्हा सुरू होताना फ्री रॅडिकल्स मोठ्या प्रमाणात तयार होतात आणि स्नायूला इजा करतात; अँटिऑक्सिडंट ती रोखतील, ही अपेक्षा. नंतरच्या काही दिवसांत साधारण तिघांपैकी एका रुग्णाच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, त्यातही या इजेचा वाटा मानला जातो. मेलबर्नमधल्या एका छोट्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर अशी पूरके दिल्यावर रुग्णालयातला मुक्काम थोडा कमी झाला होता. पण मोठ्या चाचण्यांत ही आशा टिकली नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या १४०० अतिजोखमीच्या रुग्णांना शिरेतून सेलेनियम देऊन पाहिले गेले. २०२३ मध्ये निकाल आला, तेव्हा मृत्यू कमी झालेले नव्हते. त्याहून बोलका पुरावा २००२ चा, ब्रिटनमधल्या 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'चा. त्यात हृदयविकार, रक्तवाहिन्यांचे विकार किंवा मधुमेह असलेल्या २०,५३६ जणांवर एकाच वेळी दोन गोष्टी तपासल्या गेल्या: स्टॅटिन, आणि व्हिटॅमिन ई, सी व बीटा कॅरोटिनचे मिश्रण. पाच वर्षांत स्टॅटिनने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यासारख्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी केल्या. व्हिटॅमिनांचे रक्तातले प्रमाण वाढले, रुग्णाच्या पदरात मात्र काहीच पडले नाही. तीच माणसे, तीच वर्षे, म्हणून ही तुलना टाळता येत नाही.

व्हिटॅमिन सीचे काय, असे कोणी विचारेल. काही छोट्या चाचण्यांत त्याने ठोक्यांची अनियमितता कमी झालेली दिसते, हे खरे आहे. पण तो डोस शस्त्रक्रियेच्या आगेमागे, थोडेच दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलेला होता. त्याच्या आधारावर सहा-सहा महिने कॅप्सूल घ्यायला लावणे समर्थनीय नाही. दुसरा आक्षेप नेहमीचाच: फायदा नाही तर नाही, पण अपाय तरी काय? अपाय झालेला आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांच्या चाचणीत बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि हे १९९४ मध्येच प्रसिद्ध झाले. आपल्याकडे बायपास झालेल्यांत विडी-सिगारेट ओढलेले थोडे नाहीत. बायपाससोबत झडपही बदललेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसने त्याला रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, तर क्यू-१० मुळे त्याच गोळीचा असर कमी होऊ शकतो. रुग्ण या कॅप्सूलला औषध समजत नाही, म्हणून रक्त गोठण्याचे मोजमाप, म्हणजे आयएनआर, बिघडल्यावर तिचा उल्लेखही करत नाही.

राहिला अशक्तपणाचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशक्तपणा खराच असतो. रक्त गेलेले असते, भूक मेलेली असते, छातीचे हाड जुळायला दोनेक महिने लागतात. घरच्यांना काहीतरी ताकदीचे द्यावेसे वाटते आणि डॉक्टरांनाही नुसता सल्ला देऊन रुग्णाला परत पाठवणे जड जाते. पण इथे उपयोगी पडते ती हिमोग्लोबिनची तपासणी, डाळ, अंडी, पेरू, आवळा, रोजचे चालणे आणि शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालचा व्यायाम. पैसे अपुरे पडले की कोणती गोळी सोडायची, हे घरातच ठरते. स्टॅटिन घेतल्याने काहीच जाणवत नाही, आणि ताकदीच्या कॅप्सूलचे नावच आश्वासक असते. अशा वेळी स्टॅटिन सुटण्याची मला खरी धास्ती वाटते.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक गोळीपुढे दोन गोष्टी मराठीत लिहिलेल्या असाव्यात: ती कशासाठी आहे आणि किती दिवस घ्यायची. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. कार्डाचा असा नमुना तयार करून संलग्न महाविद्यालयांच्या रुग्णालयांना देणे त्याला अवघड नाही.