चूक दाखवणाऱ्यांची फौज

लष्करावरचा सिनेमा पाहून आलेल्या फौजी माणसाला ‘कसा वाटला?’ असं विचारून बघा. उत्तर ठरलेलं असतं. टोपी चुकीच्या रेजिमेंटची होती. कॅप्टनच्या खांद्यावर मेजरचा बिल्ला होता. एवढे केस वाढवलेला जवान कुठल्या पलटणीत असतो? आणि सॅल्यूट असा मारतात का कोणी! विचारणारा बिचारा गप्प होतो. त्याला सिनेमा आवडलेला असतो, डोळे अजून ओले असतात, आणि आपण त्याच्या हातात पंचनामा ठेवलेला असतो.

ही सवय आपल्याकडे जाणकारी समजली जाते. मला ती पळवाट वाटते. चूक काढायला काही पणाला लावावं लागत नाही. ‘मला हे फार आवडलं’ असं म्हणायला मात्र छाती लागते, कारण तेवढं म्हटलं की आपल्यातला मऊ कोपरा समोरच्याला दिसतो. वीस-पंचवीस वर्षं वर्दीत काढलेली माणसं गोळीला फारशी घाबरत नाहीत, पण कुठल्या गाण्याला आपला घसा दाटतो हे चारचौघांत सांगायला घाबरतात. मग टोपीवर बोलायचं. टोपी सोपी.

सध्या माझा मुक्काम जैसलमेरला आहे. इथून शंभरावर किलोमीटर गेलं की लोंगेवाला. तिथलं युद्धस्मारक पाहायला लोक लांबून येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना १९७१ ची ओळख १९९७ साली झालेली असते, जे. पी. दत्तांच्या ‘बॉर्डर’मुळे. पोरं रणगाड्याशेजारी उभी राहून सनी देओलच्या आवाजात ओरडतात. आमच्यातले काही जण नाक मुरडतात, ‘यांना युद्ध म्हणजे सिनेमा वाटतो.’ अहो, पण हा माणूस पुण्याहून नाहीतर पाटण्याहून रजा टाकून, बायकापोरांना घेऊन, वाळूतल्या एका चौकीपर्यंत आला आहे. त्याला इथवर कोणी आणलं? आपल्या व्याख्यानांनी तर नक्कीच नाही. त्याच्या त्या ओढीची टिंगल करणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला चपला बऱ्या नाहीत म्हणून परत पाठवणं.

यावरचा एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. ‘बॉर्डर’मध्ये जेवढे जवान पडताना दिसतात तेवढे लोंगेवाल्याला पडले नव्हते, आपली हानी अगदी थोडी होती. जे जिवंत परतले त्यांना पडद्यावर मेलेलं पाहणं त्यांच्या घरच्यांना कसं वाटत असेल, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून खरं काय घडलं ते सांगायलाच हवं. ४ डिसेंबरच्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबची सव्वाशेच्या आत-बाहेर माणसं चाल करून आलेल्या रणगाड्यांसमोर ठाण मांडून राहिली. जैसलमेरची हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती, त्यामुळे ती अख्खी रात्र पायदळाला स्वतःच्या हिमतीवर काढावी लागली. उजाडलं, विमानं आली आणि उघड्या वाळूत अडकलेल्या रणगाड्यांची दाणादाण उडाली. हे सिनेमापेक्षा कमी थरारक आहे का? मग ते सांगा ना! ‘तसलं काही झालं नव्हतं’ म्हणून पाठ फिरवू नका. ‘तुला ती रात्र आवडली ना? बस इथे, आता खरी रात्र ऐक,’ असं म्हणा. माहिती दोन्हीकडे तीच, पण दुसऱ्या वेळी ती ऐकायला कोणीतरी समोर बसलेलं असतं.

चूक कशी दाखवावी याचा नमुनाही या शहराच्या नावावर आहे. जैसलमेरला आणखी एका जातीचे वेडे येतात, ते म्हणजे बंगाली. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या कादंबरीवरचा त्यांचाच सिनेमा १९७४ चा. तो पाहिलेली माणसं आता नातवंडांना घेऊन इथला पिवळा किल्ला दाखवायला आणतात. मला हे वेड एका बंगाली कोर्समेटने लावलं. खडकवासल्याला दिवे मालवल्यावर त्याने मला फेलूदा सांगितला आणि मी त्याला फास्टर फेणे. त्याला मराठी येत नव्हतं, मला बंगाली. दोघांचं हिंदी आपापल्या गावचं. तरी फुरसुंगीचा काटकुळा बन्या त्या कोलकात्याच्या पोराला नीट समजला.

त्या फेलूदाच्या गोष्टींत लालमोहन गांगुली नावाचा रहस्यकथा लेखक आहे, टोपणनाव जटायू. तो पहिल्यांदा भेटतो तो याच राजस्थानच्या प्रवासात. त्याच्या पुस्तकांत ढोबळ चुका असतात. फेलूदा त्या दाखवतो, जटायू खजील होतो, दुरुस्त करायचं कबूल करतो, आणि दोघांची कायमची दोस्ती होते.

शेरलॉक होम्सचे भक्त तर याच्याही पुढचे. डॉक्टर वॉटसन आपल्यातलाच, लष्करी डॉक्टर. मुंबईला उतरून अफगाणिस्तानात गेला आणि मैवंदच्या लढाईत जखमी झाला. पहिल्या कादंबरीत गोळी खांद्याला लागलेली आहे, दुसरीत पायाला. कॉनन डॉयलच्या हातून ते निसटलं, उघड आहे. पण वाचक शंभराहून अधिक वर्षं या दोन जखमांचा मेळ घालत बसले आहेत. मंडळं काढून, निबंध लिहून, एकमेकांशी भांडून. चूक त्यांनीही पकडली. पण त्यांना ती चारचौघांत वाटून खावीशी वाटली.

‘एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा लेख?’ असं कोणी म्हणेल. गोष्ट एवढीशी नाही. मागच्या एका युनिटमध्ये एक तरुण कॅप्टन होता, ‘नारुतो’चा वेडा. गावाने वाळीत टाकल्यासारखं वागवलेला एक अनाथ पोरगा त्याच गावाचा प्रमुख व्हायचं स्वप्न बघतो, अशी ती जपानी कथा. मी रुजू होण्याआधी त्याने ती मेसमध्ये जेवताना रंगून सांगितली होती. एका वरिष्ठाने विचारलं, “अजून कार्टून बघतोस?” सगळे हसले. तेव्हापासून तो ताटात बघून जेवायचा. हे कळल्यावर एका संध्याकाळी मी त्याला विचारलं, “सुरुवात कुठल्या भागापासून करू?” तो पाऊण तास बोलला. शेवटची पाच मिनिटं वडिलांच्या आजारपणावर बोलला, जे तोवर युनिटमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं.

आपण दरबार भरवतो, ‘काही अडचण?’ असं विचारतो, ‘नाही साहेब’ ऐकतो आणि पुढे जातो. ज्या माणसाला आपली आवड सांगितल्यावर हसू मिळालं, तो आपलं दुःख कशाला सांगेल?

निवृत्त साहेबांनो, हे तुम्हालाही आहे. नातू त्याची मालिका घेऊन शेजारी बसला की ‘आमच्या वेळी’ सुरू करू नका. रंग भडक वाटतील, नावं लक्षात राहणार नाहीत. चालेल. त्याला विचारा, यातला तुझा कोण? मग त्याला तुमचा कोण ते सांगा. ‘रारंग ढांग’ वाचून हिमाचलच्या रस्त्यांवर पोस्टिंग मिळावं म्हणून कधी देव पाण्यात घातले असतील, तर तेही सांगून टाका. यात पदाला कमीपणा येत नाही.

आणि पुढच्या वेळी कोणी ‘सिनेमा कसा वाटला?’ म्हणून विचारलं, तर टोपीचं नंतर बघू. आधी सांगा, घसा कुठे दाटला.