अ‍ॅम्प नको, हॉलची किल्ली द्या!

गॅदरिंग तोंडावर आलं की आपल्या होस्टेलमध्ये दरवर्षी एक वर्गणी निघते आणि दरवर्षी तिच्यावरून एक भांडण होतं. यंदाचं भांडण अ‍ॅम्पवरून आहे. बँडवाल्यांचं म्हणणं असं की आपला ५० वॅटचा डिजिटल गिटार अ‍ॅम्प खोलीत स्वर्गीय वाजतो, पण ड्रम सुरू झाले की त्याचा पार पत्र्याचा डबा होतो, तेव्हा १०० वॅटचा घ्या. सांस्कृतिक मंडळातली निम्मी मंडळी "घेऊ की" म्हणून मोकळीही झाली आहेत. मी या बँडमध्ये काही वाजवत नाही. मिक्सरच्या मागे उभं राहणं आणि शेवटी वायरी गुंडाळणं एवढंच माझं काम. पण वर्गणी माझ्याही खिशातून जाणार आणि मी तिसऱ्या वर्षाला ई अँड टीसीत आहे, म्हणून चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं धरून चालतो. माझं मत असं, की अ‍ॅम्पमध्ये काहीही खोट नाही. वर्गणी काढू नका. त्याऐवजी रेक्टर सरांनी आम्हाला आठवड्यातून दोन तास सभागृहाची किल्ली द्यावी.

आधी वॅटचा हिशेब, कारण सगळे तिथेच फसतात. ५० चे १०० वॅट केले की आवाज दुप्पट होईल असं वाटतं. होत नाही. पॉवर दुप्पट केली की पातळी फक्त ३ डेसिबलने चढते. कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे पॉवर दहापट हवी, ५० ची ५०० वॅट! हा लॉगॅरिदम आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिला आहे आणि पेपर टाकून बाहेर पडताच मेसच्या रांगेत विसरलो आहोत. म्हणजे हजारो रुपये घालून आपण ३ डेसिबल विकत घेणार. तेवढे तर अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून नीट जागी ठेवला तरी मिळतील. ते कसं, ते पुढे सांगतो.

आता हे 'खोलीत स्वर्गीय' प्रकरण काय आहे ते बघू. डिजिटल अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा सिग्नल आकड्यांत बदलून, त्या आकड्यांवर जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची नक्कल चढवून पुन्हा आवाज करणारा कॉम्प्युटर. रोलँडने १९९५ साली आणि लाइन सिक्सने १९९८ च्या 'पॉड'मध्ये ही नक्कल बाजारात आणली, तेव्हापासून गिटारवाल्यांची चंगळ झाली. आपल्या खिशाला न परवडणारे वीस अ‍ॅम्प एकाच डब्यात! पण या डब्यातले पॅच आपण बनवतो कुठे? तर रात्री साडेअकरा वाजता, खोली नंबर अमुक-तमुकमध्ये, रूम पार्टनर झोपलेला, कानाला हेडफोन, व्हॉल्यूम एकावर. आणि तिथे काय छान वाटतं? बास पूर्ण वर, ट्रेबल वर, मिड तळाला, गेन फुल्ल, वर बादलीभर रिव्हर्ब.

याचं कारण आपल्या कानात आहे. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा १०० हर्ट्झचा सूर वाटायला सुमारे ६४ डेसिबल लागतात. फरक २४ चा. हाच प्रयोग ८० डेसिबलला करा, फरक १२-१३ च्या आसपास येतो. म्हणजे खोलीत जो बास 'बरोबर' वाटत होता तो स्टेजच्या आवाजाला आपोआप अकरा-बारा डेसिबल फुगला. कोणी बटणाला हात लावला नाही तरीसुद्धा! ट्रेबलचंही थोडंफार तसंच, ते कानात टोचायला लागतं. आणि बँडमध्ये गिटार जिथे ऐकू यायची, ती मधली पट्टी तर आपण आधीच कापून टाकलेली. खाली फुगलेला बास मग कोणाशी भांडतो? बास गिटार आणि बास ड्रमशी. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बास गिटारची ४१ ला. त्या गल्लीत बास गिटार आणि ड्रम आधीपासून राहायला आहेत. गिटार तिथे घुसते, हरते, आणि आपण म्हणतो अ‍ॅम्पला दम नाही.

हे मला पुस्तकात वाचून पटलं नसतं. पटलं ते मढला. माझं गाव मढ, जुन्नर तालुक्यात. ओतूरहून माळशेज घाटाकडे निघालं की लागतं, पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी जवळच. खिरेश्वरच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेल्या ट्रेकवाल्यांना हा रस्ता ठाऊक असेल. गेल्या हिवाळ्यात आपलं रासेयोचं सात दिवसांचं शिबिर तिकडेच होतं. शेवटच्या रात्री देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, टाळी वाजवली तरी घुमणारी जागा. आधी गावातलं भजनी मंडळ बसलं. पखवाज, पेटी, आठ-दहा टाळकरी, सगळ्यांत मिळून एक माईक आणि एक जुना भोंगा. शब्द न् शब्द बाहेर पारावर बसलेल्यांना कळत होता. मग आपला बँड. अ‍ॅम्प, मॉनिटर, आठ चॅनेलचा मिक्सर, सगळा सरंजाम. पहिल्याच गाण्यात गिटारचा नुसता घरघराट. सोलो आला तेव्हा वाजवणाऱ्याचे हात हलताना दिसले म्हणून सोलो आहे हे कळलं. गावकरी सज्जन, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण आमच्या ओळखीतले एक तात्या, ज्यांनी उभी हयात वरातीत बँजो वाजवण्यात घालवली, ते माझ्यापाशी मिक्सरजवळ येऊन म्हणाले, "पोरा, ह्ये वाद्य ढोलात बुडतंय. खालची घरघर काढ आन् मधला आवाज वर घे." मी मिक्सरवर ८०-१०० हर्ट्झच्या खालचं कापलं, बासची घुंडी डावीकडे नेली, मिड वर घेतले. गिटार अशी वर आली की ड्रमरने मान वळवून पाहिलं. व्हॉल्यूम मी वाढवला नव्हता.

तात्यांना फ्लेचर आणि मन्सन ठाऊक नाहीत. पण बँजो ठाऊक आहे. हा आपला वरातीतला बँजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. १९१२ साली जपानमध्ये नागोयाला गोरो मोरिता यांनी तयार केलेलं तैशोगोतो हे टाइपरायटरसारख्या पट्ट्यांचं तंतुवाद्य इकडे येऊन बुलबुलतरंग झालं, आणि पुढे त्याला पिकअप लावून आपल्या लोकांनी ते ताशाच्या अंगावर सोडलं. रितेश देशमुखच्या २०१६ च्या 'बँजो' सिनेमात शहरातल्या वाचकांनी ते पाहिलं असेल. हे वाद्य कुठे वाजतं बघा. टेम्पोवर, शेजारी ताशे आणि ढोल, पुढे नाचणारी गर्दी, मागे जनरेटर. आणि आवाज बाहेर पडतो भोंग्यातून, ज्यातून खालचे सूर मुळात निघतच नाहीत. घरात ऐकलं तर हा आवाज पातळ, नाकातला, जरा कर्कशच वाटतो. रस्त्यावर मात्र चाल ओळखू येते, लांबच्या गल्लीतही. कारण त्याची जागा मध्ये आहे, आणि ती जागा त्याने सोडलेली नाही.

आणि आमच्या तालुक्यात हे शहाणपण बँजोच्याही आधीचं आहे. नारायणगाव आमच्याच तालुक्यातलं. यात्रांच्या हंगामाआधी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तिथल्याच, १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपती पदक मिळवलेल्या. तमाशातली वाद्यं आठवा. ढोलकी, हलगी, झांज आणि तुणतुणं. ढोलकीचा घुमारा खाली, हलगी-झांजेचा कडकडाट वर, तुणतुण्याची एकच तार वरच्या सुरात टणटणतेय, आणि गाणारी बाई उंच पट्टीत. माईक नसतानाही हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. कोणी कोणाच्या जागेवर बसत नाही, म्हणून सगळे ऐकू येतात. आमचा लीड गिटारवाला हे वाचून नाक मुरडेल, त्याला तमाशाशी तुलना आवडायची नाही. पण त्याच्या नाकापेक्षा त्याचा सोलो महत्त्वाचा आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर करायचं काय? पॅच ज्या आवाजात वाजवायचा त्याच आवाजात, ड्रम आणि बास सुरू असताना बनवायचा. बाकी सगळं यातूनच निघतं. बास अर्ध्याच्या खाली येतो, मिड अर्ध्याच्या वर जातात. एकटं वाजवलं तर हा पॅच भिकार वाटतो. वाटू द्या, एकटं कोण ऐकणार आहे? गेन निम्म्यावर आणावा. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलची डोकी छाटणं, आणि सगळीच डोकी छाटली की तारेवर पडलेला फटका आणि मागचा गुंजारव एकाच उंचीचे होतात. मग ड्रमपुढे फटका दिसत नाही, नुसता गोंगाट पसरतो. रिव्हर्ब जवळजवळ बंद, कारण सभागृह आपला रिव्हर्ब फुकट देतं. स्वच्छ पॅच आणि डिस्टॉर्शनचा पॅच यांची पातळीही तिथेच, कानाने जुळवायची. हेडफोनवर जुळवलेली टिकत नाही. सोलोसाठी गेन वाढवू नये, तीन-चार डेसिबल व्हॉल्यूम आणि थोडे मिड वाढवावेत.

एक गोष्ट तर मला दर कार्यक्रमात सांगावी लागते. डिजिटल अ‍ॅम्पमध्ये कॅबिनेटचीही नक्कल असते. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही, त्यामुळेच गिटारचा आवाज गिटारसारखा लागतो. अ‍ॅम्पमधून वायर थेट मिक्सरला दिली तर ही नक्कल चालू हवी, नाहीतर माशी कानात शिरल्यासारखं ऐकू येतं. पण तोच सिग्नल खऱ्या गिटार स्पीकरला देताना नक्कल बंद हवी, नाहीतर गोधडीवर गोधडी. एवढं एक बटण तपासलं की निम्म्या तक्रारी मिटतात.

आणि तो जमिनीवरून उचलण्याचा मुद्दा. १२ इंची स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. आपला वीर अ‍ॅम्पच्या पुढ्यात उभा, झोत त्याच्या पोटऱ्यांवर. त्याला आवाज मंद वाटतो, तो ट्रेबल वाढवतो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या प्राचार्यांच्या कानात सुरी जाते. मेसची एक लोखंडी खुर्ची घ्या, अ‍ॅम्प तिच्यावर ठेवा, मागे जरा कलता. झोत वाजवणाऱ्याच्या कानाशी आला की तो स्वतःच व्हॉल्यूम कमी करतो. खुर्चीला वर्गणी लागत नाही.

आता माझ्या मागणीवरचा आक्षेप मला माहीत आहे. "अभ्यासाच्या वेळी दणदणाट नको." मान्य. खोलीत मोठ्याने वाजवायला आमचाही विरोधच आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. ड्रम नुसता बसवला आणि कोणी जोरात मारला तर शेजारी उभं राहून १०० च्या पुढे जातो, तेव्हा होस्टेलमध्ये बँडच्या आवाजाची तालीम होणं शक्यच नाही. आमचं दुखणं नेमकं हेच आहे. वर्षभर पोरं हेडफोनवर वाजवतात आणि पहिल्यांदा खऱ्या आवाजात वाजवतात ते थेट गॅदरिंगला, हजार माणसांपुढे. प्रॅक्टिकल न करता व्हायवाला बसवल्यासारखं आहे हे. नवा १०० वॅटचा अ‍ॅम्पसुद्धा मग हेडफोनवरच वाजणार आणि पुढच्या वर्षी २०० वॅटची वर्गणी निघणार!

कानाची काळजीही घ्यायला हवी, हे स्टाफमधल्या काही सरांनी काढलेलं योग्यच आहे. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, असा अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा हिशेब आहे. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. म्हणून सलग दोन तास वाजवायचं नाहीच. वीस मिनिटं आवाज जुळवायचा, एक गाणं, मग थांबून बोलायचं. आणि कानात बोळे घालायचे, ड्रमरने तर नक्कीच.

तेव्हा रेक्टर सरांना विनंती. रविवारी दुपारी ३ ते ५, जेव्हा अर्धं होस्टेल झोपलेलं किंवा पिक्चरला गेलेलं असतं आणि लायब्ररीही बंद असते, तेव्हा सभागृह उघडून द्यावं. दारं-खिडक्या बंद ठेवू. सव्वापाचला किल्ली वॉचमन मामांच्या हातात. आणि सांस्कृतिक मंडळाला वर्गणी काढायचीच खुमखुमी असेल तर प्रत्येकी दहा रुपये काढा. त्यात कानाचे बोळे, दोन चांगल्या वायरी, फ्यूजचं एक पाकीट येईल, आणि सहा महिन्यांपूर्वी मोडलेला तो माईकचा स्टँड दुरुस्त होईल. सध्या तो आम्ही क्रिकेटच्या स्टंपला सुतळीने बांधून चालवतोय.