काउंटीची सरासरी आणि शेतकऱ्याचे शेत

अमेरिकेच्या मक्या-सोयाबीनच्या प्रदेशात, २०१४ च्या कृषिकायद्याने उत्पन्नाच्या घसरणीपासून शेतकऱ्यास जे संरक्षण देऊ केले, त्याचे परिमाण त्याचे स्वतःचे शेत नसून त्याची काउंटी हे ठरविण्यात आले, आणि आमच्या मते अन्यायाचे मूळ येथेच आहे. काउंटीच्या मागील पाच वर्षांच्या उत्पादनांतून सर्वाधिक व सर्वांत कमी अशी दोन वगळून उरलेल्यांची सरासरी काढावयाची, तिला त्याच रीतीने काढलेल्या भावाने गुणावयाचे, आणि काउंटीचे प्रत्यक्ष उत्पन्न त्या गुणाकाराच्या ८६ टक्क्यांखाली उतरले तरच सरकारी खजिन्यातून रक्कम द्यावयाची, असा तो हिशेब होता. त्यामुळे ज्याचे पीक गारपिटीने आडवे झाले त्याच्या पदरी, सभोवारच्यांचे साधले म्हणून, या योजनेतून छदामही पडत नाही. उलट हद्दीपलीकडच्या शेतकऱ्यास, त्याचे फारसे बिघडले नसताही, भरघोस रक्कम मिळू शकते. जमीन जेथे प्रत्यक्ष आहे त्याच काउंटीचे आकडे तिला लागू करण्याची २०१८ ची दुरुस्ती रास्तच होती, परंतु तिने सरासरीचा दोष जात नाही. वैयक्तिक शेताच्या उत्पन्नावर आधारलेला पर्याय कायद्यात आहे खरा. मात्र काउंटीच्या पर्यायात दफ्तरी नोंदलेल्या पायाभूत क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवर रक्कम मिळते, तर येथे केवळ ६५ टक्क्यांवर, मग तो कोण पत्करील? ही तफावत अमेरिकी काँग्रेसने विनाविलंब रद्द करावी.