उभी बाटली, आडवी बाटली

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात ‘आडवी बाटली’ या शब्दांना एक निश्चित अर्थ लाभला आहे. दारूचे दुकान ठेवावे की बंद करावे, यासाठी गावात मतदान होते तेव्हा मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. कितीतरी गावांतील स्त्रियांनी आडव्या बाटलीला कौल देऊन आपले संसार सावरले आहेत. पण आडव्या बाटलीला दुसराही एक, केवळ व्यवहाराचा अर्थ आहे. बुचाची वाईन फार दिवस ठेवायची तर बाटली आडवी ठेवावी लागते. कारण बूच आतून ओले राहिले नाही तर ते आकसते, हवा आत शिरते आणि वाईन विटते. पहिला अर्थ आपल्या समाजाला पाठ आहे, दुसरा बहुतेकांना ठाऊक नाही. मद्याविषयी आपण हिरिरीने वाद घालतो, पण माहिती मात्र घेत नाही, याचे हे एक लहानसे गमक होय.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकण्यास अनुमती देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांचे हित हे त्याचे कारण सांगण्यात आले. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले तेव्हाही हेच कारण पुढे होते. विरोधकांनी संस्कृतीचा प्रश्न उपस्थित केला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय कागदावरच राहिला. या गदारोळात शेतकऱ्याचे नाव निघाले, संस्कृतीचेही निघाले. पण दुकानातून एखादी बाटली घरी नेणाऱ्या सामान्य माणसाचा विचार कोणी केला नाही. हा माणूस हिंगोलीतही आहे, वसमत आणि कळमनुरीतही आहे. तो शिक्षक असेल, कचेरीतील लिपिक असेल. तो कोणाला सांगत नाही, एवढेच.

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असा एक युक्तिवाद त्या वेळी करण्यात आला. साधे गणित मांडले तरी तो टिकत नाही. वाईनमध्ये शेकडा १२ ते १४ भाग मद्यार्क असतो. १३ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १९ मिलिलिटर मद्यार्क जातो, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगात तो १३ मिलिलिटरच्या आसपास असतो. वाईन हृदयाला हितकर असते, ही समजूतही आता सोडावी लागेल. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा जो घेत नाही त्याने औषध म्हणून सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. जो घेतो त्याने मात्र आपण काय घेतो, हे डोळे उघडे ठेवून जाणले पाहिजे.

त्याने पहिली गोष्ट जाणावी ती कायद्याची. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यानुसार मद्य विकत घेण्यास, जवळ बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वाईनसाठी वयाची किमान मर्यादा २१ वर्षांची आहे. सहलीहून परतताना गोव्यातून स्वस्त म्हणून आणलेली बाटली परवान्याविना राज्यात आणणे हाही गुन्हाच ठरतो. नियमाने वेतन घेणारा आणि नियमाने कर भरणारा माणूस एका बाटलीपायी कायद्याचा भंग करतो आणि पुष्कळदा त्याला त्याची कल्पनाही नसते. ज्या कायद्याची आठवण केवळ छाप्याच्या वेळीच होते, तो कायदा धाक निर्माण करतो, शिस्त निर्माण करीत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. वाईनचा खरा शत्रू उष्णता. १२ ते १४ अंश हे तिला मानवणारे तापमान; २५ अंशांच्या वर ती झपाट्याने उतरू लागते. आणि हिंगोलीचा वैशाख चाळिशी ओलांडतो! संकोचापोटी माणूस बाटली कोठे ठेवतो? पोटमाळ्यावर, पत्र्याखाली, कपाटाच्या वरच्या फळीमागे. म्हणजे घरातील सर्वांत तापलेल्या जागी. महिन्याभराने ती उघडावी तर चव गेलेली असते. लाजेने लपविले आणि उन्हाने नासविले, असा हा दुहेरी तोटा आहे.

खरे पाहता, ठेवणीचे शास्त्र या जिल्ह्याला नवे नाही. हळद खणल्यावर पुढील हंगामाचे बेणे झाडाच्या सावलीत, पाल्याखाली जपावे, उन्हात टाकू नये, हे येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. वाईनलाही तीच सावली हवी. अंधारी, थंड, न हलणारी जागा तिला मानवते. हिवाळ्यात आतल्या खोलीचा जमिनीलगतचा कोपरा पुरतो. उन्हाळ्यात मात्र फ्रीजचा खालचा कप्पाच गाठावा. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी चालते. उघडलेली बाटली, तांबडी असो वा पांढरी, घट्ट झाकून फ्रीजमध्ये ठेवावी आणि तीन ते पाच दिवसांत संपवावी.

विकत घेतानाही थोडी पारख हवी. ‘वाईन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात वाईनच सर्वांत कमी खपते, त्यामुळे बाटल्या कित्येकदा महिनोन्महिने तापत उभ्या असतात. बूच वर सरकलेले असेल किंवा गळ्याशी चिकट ओघळ असेल, तर ती बाटली तापलेली समजावी. लेबलावरील साल पाहावे. जितकी जुनी तितकी चांगली, हे थोड्याच आणि महागड्या वाईनच्या बाबतीत खरे आहे. परवडणारी वाईन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. म्हणून साठा करण्यात शहाणपण नाही. लागेल तेव्हा एक बाटली घ्यावी, यातच काटकसर आहे आणि संयमही.

शासनाकडून अपेक्षा माफक आहे. परवान्याचा नियम ठेवायचा असेल तर तो प्रत्येक दुकानाच्या दर्शनी भागी मराठीत लावावा आणि परवाना तेथेच सुलभपणे द्यावा; पाळायचाच नसेल तर तो रद्द करण्याचे धैर्य दाखवावे. गावाने आडव्या बाटलीला कौल दिला तर त्या कौलाचा मान सर्वांनी राखलाच पाहिजे. पण जेथे दुकान आहे आणि माणूस उघडपणे घेऊ शकतो, तेथे त्याला चोरासारखे वागावयास लावून कोणाचेही कल्याण होत नाही. पोटमाळ्यावरील बाटली किती रिकामी झाली, हे घरातील कोणाला कळत नाही. फ्रीजमधील बाटलीवर मात्र साऱ्या घराची नजर असते, आणि कोणत्याही कायद्याहून हा पहारा अधिक परिणामकारक आहे.