रीडिंग कमी म्हणून गाडी चांगली?

वापरलेली गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला एक ठरलेला सल्ला मिळतो. रनिंग कमी बघा, 40 हजारांच्या वर गेलेल्या गाडीकडे ढुंकूनही पाहू नका, सिंगल ओनर हवा, डॉक्टरची मिळाली तर उत्तमच. आणि रोज लांब जायचं असेल तर डोळे झाकून डिझेल घ्या. गाड्यांमधलं आपल्यालाच कळतं असं मानणारे पुण्यातले एक गृहस्थ हा सल्ला अनेक वर्षं देत आले आहेत. धनकवडीहून शिरवळच्या एमआयडीसीत रोज जाणारा, पोटाला चिमटा काढून तीन-चार लाख जमवलेला माणूस तो ऐकतो आणि पस्तावतो. म्हणूनच या सल्ल्याचा समाचार घेणं भाग आहे.

आधी साधा हिशेब. धनकवडी ते शिरवळ जाऊन-येऊन साधारण 90 किलोमीटर. महिन्याचे 25 दिवस धरले तर वर्षाला 27 हजार. आज 35 हजार रीडिंगची गाडी तीन वर्षांत 1 लाख 16 हजारांवर जाते. कमी रीडिंगसाठी जे जास्तीचे पैसे मोजले, ते याच मालकाच्या हातून रस्त्यावर संपतात, आणि विकायला काढली की तीच गाडी ‘फार चाललेली’ ठरते. आठवड्यातून एकदा मंडईत जाणाऱ्याला हा सल्ला परवडेल; रोजच्या लांबच्या प्रवाशाला तो तोट्यातच घालतो.

दुसरं म्हणजे, ज्या आकड्यावर हा सगळा डोलारा उभा आहे तो आकडाच भरवशाचा नाही. डिजिटल मीटर आला तेव्हा ‘आता मीटर मागे करता येणार नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात लॅपटॉप जोडून रीडिंग बदलून देणारे आजही सापडतात. गाडी मात्र खोटं बोलत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलीय का, स्टिअरिंगचा वरचा भाग चकाकतोय का, हे दार उघडताच दिसतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. 3521 म्हणजे 2021 सालच्या 35व्या आठवड्यातला टायर. गाडी 2019ची, मीटरवर 24 हजार आणि चारही टायर 2021चे, तर दोन वर्षांत पहिला सेट कुठे गेला, हा प्रश्न विचारायलाच हवा. सर्व्हिस सेंटरला दर खेपेला किलोमीटरची नोंद होते. मालकाला सोबत नेऊन ती काढायला लावली तर मीटरचं खरं-खोटं बहुतेक वेळा तिथेच कळतं.

मीटर खरा असला तरी कमी चालणं म्हणजे चांगली अवस्था असं नाही. डॉक्टरांची गाडी घर ते दवाखाना, दवाखाना ते घर अशी दोन-दोन किलोमीटर धावत असेल, तर इंजिन पुरतं तापायच्या आतच बंद होतं. ऑइलमध्ये पाण्याचा अंश आणि न जळलेलं इंधन साचत राहतं, बॅटरी पुरती चार्ज होत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, रबरी होज आणि टायर उभ्या-उभ्या कडक होतात. उलट महामार्गावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये एका लयीत 80 हजार चाललेल्या आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीच्या इंजिनाला फारसं काही झालेलं नसतं. पिवळ्या पाटीच्या डिझायर आणि इटिऑस दोन लाखांच्या पुढे जाऊनही रोज प्रवासी वाहतात, हे तर कोणालाही टॅक्सीत बसून पाहता येतं.

आता डिझेल. हा वाद जुना आहे आणि एके काळी डिझेलवाल्यांचं म्हणणं खरं होतं. 2012मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल 41च्या आसपास होतं. ऑक्टोबर 2014मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले आणि ती दरी आटली. एप्रिल 2020मध्ये बीएस-6 आलं, मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. बीएस-6 डिझेलमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला इंजिन काही वेळ सलग तापलेलं लागतं. नवले पुलाच्या कोंडीत ते जमत नाही. जग इतकं बदललं आणि सल्ला मात्र 2012चाच आहे, याची चीड येते.

सिंगल ओनरबद्दल इतकंच, की निष्काळजी माणूस पहिला मालकही असू शकतो.

मग घ्यावं काय? चार ते सहा वर्षांची, कंपनी फिटेड सीएनजी असलेली साधी मॅन्युअल हॅचबॅक. 60 ते 90 हजार चाललेली, पण सर्व्हिसची नोंद अखंड असलेली. 2019नंतरची वॅगन आर हे सरळ उदाहरण. कंपनीचा दावा किलोला 32 ते 34 किलोमीटरचा. प्रत्यक्षात 25 धरा. किलोचे 90 रुपये धरले तर महिन्याच्या 2,250 किलोमीटरला 8,100 रुपये लागतात. तेवढ्याच अंतराला 18चं अ‍ॅव्हरेज आणि 104 रुपये लिटर धरून पेट्रोल 13 हजारांचं, तर 20चं अ‍ॅव्हरेज आणि 91चा भाव धरून डिझेल सव्वादहा हजारांचं. डिकी जाते, पंपावर रांग लागते, चढाला दम कमी पडतो, हे मान्य. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी लागते, तिची तारीख पाहावी. आरसीवर सीएनजीची नोंद आणि कर्जाचा बोजा उतरल्याची खात्री करावी, थकलेली चलनं ऑनलाइन तपासावीत.

पैसे देण्याआधी सकाळी थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावावं. मग एसी लावून, सीएनजीवर, कात्रजच्या नव्या बोगद्याचा चढ चढून पाहावा, तापमानाच्या खुणेवर लक्ष ठेवावं. विकणारा याला तयार नसेल तर रीडिंग 20 हजार असलं तरी ती गाडी घेऊ नये.